नऊ कोटी प्रवाशांच्या आधी जुना हिशोब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 रोजी प्रवासी विमाने उडू लागली आणि पनवेल, उलवे, उरण या पट्ट्यातला गेल्या पंचवीस वर्षांचा प्रश्न, म्हणजे ‘होणार कधी?’, एकदाचा संपला. त्याची जागा आता ‘वाढणार किती?’ या प्रश्नाने घेतली आहे. पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला 2 कोटी प्रवासी आणि 5 लाख टन माल एवढी आहे; सगळे टप्पे पूर्ण झाले की ती 9 कोटी प्रवासी आणि साडेबत्तीस लाख टनांवर जायची आहे. आज जे उभे आहे ते ठरवलेल्या विमानतळाच्या पाव हिश्श्याहूनही कमी आहे. उरलेल्या वाढीचा नफा-तोटा कोणी, कधी आणि कोणत्या मापाने मोजायचा, एवढ्याच मुद्द्यावर हे पत्र आहे. मी नोकरीची बहुतेक वर्षे खारभूमीचे बांध आणि उघाड्या (बांधातल्या पाण्याच्या झडपा) यांच्या कामात घालवली असून निवृत्तीनंतर पनवेलला राहतो. विमानतळाला माझा विरोध नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण आपल्याकडे हिशोब मागणाऱ्याला विरोधक समजण्याची घाई फार होते.

फायद्याची बाजू खोटी नाही. सांताक्रूझ-सहारच्या विमानतळाला दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तेवढ्यावर वर्षाला साडेपाच कोटींच्या आसपास प्रवाशांची ने-आण चालते. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने तिथल्या फेऱ्या कमी करण्याचा आदेश दिला, तेव्हा उतरण्याची पाळी येईपर्यंत विमाने शहरावर चाळीस मिनिटे ते तासभर घिरट्या घालतात आणि चाळीस मिनिटांत सुमारे 1.7 किलोलिटर इंधन वाया जाते, असे मंत्रालयानेच सांगितले होते. एक किलो विमान इंधन जळाले की सुमारे 3.16 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या हिशोबाने एका विमानाच्या एका ताटकळण्याची किंमत सव्वाचार टनांच्या घरात जाते. दुसऱ्या विमानतळामुळे हे ताटकळणे कमी होणार असेल, तर तो केवळ प्रवाशाचा नव्हे, हवेचाही फायदा आहे, आणि पर्यावरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांनी तो मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

मालवाहतुकीचा फायदा मला प्रवाशांपेक्षाही मोठा वाटतो. अमेरिकेला जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करणारे पणन मंडळाचे केंद्र वाशीला आहे, फळांची घाऊक बाजारपेठही तिथेच आहे. पण पेटी विमानात चढवायची तर ट्रकला खाडीपूल ओलांडून मुंबईच्या गर्दीतून सहार गाठावे लागत असे. नाशवंत मालाला प्रत्येक तास मोजावा लागतो. कोकणातल्या बागायतदाराला किंवा पुणे-नाशिककडच्या फुलशेतीवाल्याला हा विमानतळ खरोखर जवळ पडेल. मात्र त्यासाठी शीतगृह, तपासणी आणि सीमाशुल्काची सोय पुरेशी आणि परवडणाऱ्या दरात हवी, कारण नुसत्या लांब धावपट्टीने आंबा टिकत नाही.

एवढे मान्य केल्यावर पहिला प्रश्न विचारतो: मोजला जाणारा फायदा निव्वळ आहे का? नव्या विमानतळावर उतरलेला प्रत्येक प्रवासी सरसकट नवा म्हणून जमेत धरता येणार नाही, कारण त्यांपैकी काही जण कालपर्यंत सांताक्रूझला उतरत होते. तिथले टर्मिनल 1 पाडून नव्याने बांधायचे तिथल्या चालकांनी जाहीर केले आहे. ते काम सुरू झाले की तिथली काही वाहतूक इकडे येईल आणि आपल्याकडचे आकडे झपाट्याने वाढलेले दिसतील. दुकानदार दुकानाची जागा बदलतो तेव्हा नव्या जागेतली सगळी विक्री नफा म्हणून वहीत चढवत नाही. मुंबई महानगराला एकूण किती प्रवासी, किती माल आणि किती पक्के रोजगार नव्याने मिळाले, आणि किती नुसते खाडीच्या या बाजूला सरकले, हे दोन रकाने वेगळे ठेवल्याशिवाय पुढच्या टप्प्याची गरज सिद्ध होत नाही. रोजगारातही वैमानिक आणि अभियंते एका बाजूला, तर सामान चढवणारे, सफाई करणारे आणि पहाऱ्यावरचे कंत्राटी कामगार दुसऱ्या बाजूला, यांची बेरीज एकाच ओळीत करणे मला प्रामाणिक वाटत नाही.

आता खर्चाची बाजू. बांधकामाचा खर्च सर्वांना तोंडपाठ आहे: पहिल्या टप्प्याचे सुमारे 19,650 कोटी रुपये. पण हा विमानतळ 1,160 हेक्टरांवर उभा करताना जे मोडले गेले, ते कोणत्याही ताळेबंदात रुपयांनी लिहिलेले नाही. सुमारे नव्वद मीटर उंचीची उलव्याची टेकडी सुरुंग लावून फोडली, तिच्या दगडाने सखल भाग भरून काढला आणि त्या जागेतून वाहणाऱ्या उलवे नदीला दुसरा मार्ग दिला. मूळ आराखडा याहूनही कठोर होता. जयराम रमेश पर्यावरण मंत्री असताना त्यांच्या मंत्रालयाने हरकती घेतल्या, दोन धावपट्ट्यांमधले अंतर 1,800 मीटरवरून सुमारे 1,550 मीटरवर आणायला लावले, गाढी नदीला हात न लावण्याचे ठरले, आणि मगच नोव्हेंबर 2010 मध्ये अटींसह मंजुरी मिळाली. ‘आराखड्यात आता काहीही बदलणे शक्य नाही’ असे अधिकारी जेव्हा सांगतात, तेव्हा मला हे अडीचशे मीटर आठवतात. नेटाने विचारले की आराखडा बदलतो, विमानतळही होतो.

पाण्याबद्दल मात्र मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माझ्या आयुष्याचा तोच व्यवसाय होता. खाडीकाठच्या जमिनीत पावसाचे पाणी केवळ उतारामुळे वाहून जात नाही. ते भरती-ओहोटीच्या मर्जीने जाते. खारबंदिस्तीच्या बांधात जी उघाडी असते तिची झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडते आणि भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. ती मिटलेली असते तेवढे तास वरून कोसळणाऱ्या पावसाला कुठेतरी थांबावे लागते. पूर्वी ते भातखाचरांत, मिठागरांत, तिवरांच्या म्हणजे कांदळवनाच्या चिखलात थांबायचे. समजा, विमानतळाच्या जागेपैकी निम्मीच जागा सखल होती आणि तिच्यावर फक्त एक फूट पाणी उभे राहू शकत होते, तरी ती सुमारे पावणेदोनशे कोटी लिटर पाण्याची विसाव्याची जागा होती. भराव घातल्यावर पाऊस कमी झाला नाही, उधाणाची भरतीही कमी झाली नाही. कमी झाली ती ही जागा. भरावानंतरच्या पावसाळ्यांत पारगावजवळच्या डुंगी गावात पाणी शिरू लागले आणि त्या गावाच्या स्थलांतराचा प्रश्न उभा राहिला, यात मला नवल वाटले नाही.

नदीचे वळण कागदावर बिनचूक असू शकते. प्रवाहाचे गणित मांडता येते, पात्राची रुंदी वाढवता येते, काठ बांधून घेता येतात. उलव्याच्या बाबतीत हे केलेही असेल. पण मुंबईकरांनी या विषयावर एक धडा फार महाग घेतला आहे. मिठी नदीला सांताक्रूझच्या धावपट्टीसाठी अशीच वाट बदलावी लागली होती. विमानतळापाशी ती काटकोनात वळते आणि धावपट्टीखालून जाते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ वेधशाळेने 944 मिलिमीटर पाऊस मोजला, भरतीची वेळ गाठली गेली आणि कुर्ला-कलिना परिसराचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने त्यानंतर मिठीचा सविस्तर अभ्यास केला. एका महानगराच्या दोन विमानतळांनी दोन नद्यांना वळवले आहे. पहिल्या वळणाचे परिणाम दिसायला काही दशके लागली. दुसऱ्याचे निरीक्षण पहिल्या पावसापासून नोंदवले, तर निदान नातवंडांना समिती नेमावी लागणार नाही.

कांदळवनाचा प्रश्न साधारणपणे झाडांच्या संख्येवर आणून ठेवला जातो, आणि तिथेच तो चुकतो. मंजुरीच्या वेळी तोडलेल्या तिवरांच्या बदल्यात वाघिवली आणि आसपासच्या खाडीपट्ट्यात शेकडो हेक्टरांचे कांदळवन राखण्याचे ठरले होते. तिवरे दुसरीकडे वाढवली तर कार्बन शोषला जाईल, हे खरे. पण पनवेलचे पाणी थोपवण्याचे आणि इथल्या खाडीत कोलंबी, खेकडे, निवट्या, जिताडा यांना बाळपण देण्याचे काम पन्नास कोसांवरचे झाड करत नाही. शिवाय उघड्या चिखलपट्टीवर रोपे लावून ‘भरपाई’ दाखवण्याची एक पद्धत रूढ झाली आहे. त्या चिखलपट्ट्या ओसाड नसतात. रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचे खाणे तिथेच असते. एका अधिवासाची भरपाई करताना दुसरा बुजवायचा, आणि दोन्ही वेळा हिरवा रंग भरायचा, असा हा व्यवहार आहे. सप्टेंबर 2018 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनांचा नाश हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालील हक्काचा भंग ठरवला. त्यानंतर तरी हेक्टरांपलीकडे जाऊन ते जंगल काय काम करत होते याचा विचार व्हायला हवा होता.

पक्ष्यांचा विषय निघाला की काही वाचकांच्या चेहऱ्यावर ‘आता हे पक्षीप्रेमी सुरू झाले’ असा भाव येतो, म्हणून हा मुद्दा मी विमानात बसणाऱ्याच्या बाजूने मांडतो. ठाणे खाडीतले रोहित ओहोटीला चिखलपट्ट्यांवर चरतात. भरतीला त्या बुडाल्या की ते सीवूड्स-नेरुळच्या आणि उरणकडे पाणजेच्या पाणथळींवर जाऊन थांबतात. या जागा बुजवल्या किंवा त्यांचे भरतीचे पाणी तोडले तर पक्षी नाहीसे होत नाहीत; ते दुसरी सपाट, मोकळी, ओली जागा शोधतात, आणि या परिसरात तशी सर्वांत मोठी जागा विमानतळाचीच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे अनेकदा सांगितले आहे. मे 2024 मध्ये घाटकोपरला उतरत्या विमानाला थवा धडकून तीसहून अधिक रोहित मेले. विमान सुखरूप उतरले, हे आपले नशीब. त्याच वर्षीच्या डिसेंबरात दक्षिण कोरियात मुआनच्या विमानतळावर पक्ष्यांच्या धडकेनंतर पोटावर उतरलेले विमान धावपट्टीपलीकडच्या काँक्रीटच्या बांधकामावर आदळले आणि 179 माणसे गेली. त्यानंतर सप्टेंबर 2025 मध्ये तिथल्या न्यायालयाने सेमानगुम येथील नियोजित विमानतळाचा मूळ आराखडा रद्द केला, तोही पक्ष्यांच्या धडकेचा धोका आणि जवळच्या चिखलपट्ट्यांवरचा परिणाम यांचा नीट विचार झाला नाही म्हणून. आपल्याकडे नेरुळचा डीपीएस तलाव 2024 मध्ये रोहित मरून पडू लागल्यावर चर्चेत आला आणि पुढच्या वर्षी त्याला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय झाला. तो चांगलाच आहे. पण पाणजेसह बाकीच्या पाणथळींचे काय? विस्ताराच्या मंजुरीत धावपट्टीला जितके महत्त्व, तितकेच या पाणथळींना दिले पाहिजे, कारण त्या विमानतळाच्या सुरक्षेचाच भाग आहेत.

माणसांचा हिशोब अधिक जुना आहे. 1970 साली नवी मुंबई वसवणारी सिडको ही सरकारी संस्था स्थापन झाली, 95 गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले, आणि 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. विमानतळासाठी दहा गावे उठली. त्यांना साडेबावीस टक्के विकसित भूखंड देण्याचे ठरले. देशातल्या इतर प्रकल्पांच्या तुलनेत ही योजना बरी आहे, आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही. पण तिचा पाया सातबारा आहे. ज्याच्या नावावर जमीन होती त्याला भूखंड मिळाला. जो खाडीत पाग (फेकजाळे) टाकून, निवट्या धरून किंवा दुसऱ्याच्या शेतात राबून जगत होता, त्याच्या नावावर खाडीचा उतारा कधीच नव्हता. दिबांचे नाव विमानतळाला द्यावे हा ठराव सर्वपक्षीय झाला आणि तो योग्यच आहे. त्या नावाखाली या माणसांची साधी यादी तरी असावी, एवढी अपेक्षा गैर नसावी.

हवामानाविषयी फक्त एवढेच. जगातल्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे, आणि तो एकट्या पनवेलच्या माथी मारणे हास्यास्पद होईल. पण आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे उत्सर्जन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही, आणि विमानतळाच्या मूल्यांकनात प्रामुख्याने जमिनीवरची धूळ, जनरेटर आणि वाहने मोजली जातात. प्रवाशाने केलेला खर्च आपल्या जमेत, आणि त्याच्या विमानाचा धूर मात्र कोणाच्याच नावे नाही, असा हा हिशोब आहे. केंद्राने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी शाश्वत इंधनाचे मिश्रण 2027 मध्ये एक टक्का आणि 2030 पर्यंत पाच टक्के करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. पाच टक्के इंधन बदलेल त्या काळात उड्डाणे किती टक्के वाढतील, हे 2 कोटी आणि 9 कोटी हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोणालाही कळेल.

मग विस्तार थांबवावा का? माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, पण तो आपोआपही होऊ नये. जे मोडले ते परत येणार नाही. टेकडी पुन्हा उभी राहणार नाही. त्यामुळे ‘आता खर्च झालाच आहे, तर पूर्ण वापर करून घेऊ’ या युक्तिवादात तथ्य आहे. त्याचीच दुसरी बाजू अशी की, निसर्गाने आणि गावांनी आपला हिस्सा आगाऊ, रोखीने आणि एकदाच भरला, आणि फायदा मात्र हप्त्याहप्त्याने, अंदाजाने येणार आहे. 2010 साली मांडलेला तोल पुढच्या प्रत्येक टप्प्याला चालवून घेणे हा व्यवहार नाही. पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पधारकाने दरवर्षी 1 जून आणि 1 डिसेंबरला अटींच्या पूर्ततेचा अहवाल द्यायचा असतो, आणि तो लोकांना पाहता आला पाहिजे. माझी मागणी नवी नाही. आहे तो कायदा उघड्यावर आणावा, एवढीच आहे. हे अहवाल मराठीत, पनवेल आणि उरणच्या तहसील कार्यालयांत आणि बाधित ग्रामपंचायतींत ठेवावेत. उलव्याच्या नव्या पात्रातली आणि गाढीतली उधाणाच्या दिवसांची पातळी, राखून ठेवलेल्या कांदळवनाची प्रत्यक्ष स्थिती, पाणथळींवरची पक्षीगणना, आणि प्रवासी व माल यांतला खरोखर नवा हिस्सा, एवढे आकडे त्यांत असावेत. सलग तीन पावसाळ्यांचे असे आकडे तज्ज्ञांनी आणि गावकऱ्यांनी एकत्र बसून तपासल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हिरवा कंदील देऊ नये.

तीन वर्षे थांबल्याने मुंबईचे नुकसान होईल असे कोणी म्हणेल. पहिला टप्पा 2 कोटींचा आहे आणि तो भरायलाही वेळ लागेल. त्या काळात विमानतळाला मेट्रो आणि लोकलने नीट जोडण्याचे काम उरकले, तर वेळ सत्कारणी लागेल. अन्यथा आणखी सात कोटी प्रवासी मोटारींतून येणार आणि त्यांच्यासाठी रुंद रस्ते, वाहनतळ, हॉटेले यांचा भराव पुन्हा उरल्यासुरल्या सखल जमिनीवरच पडणार. विमानतळाच्या कुंपणाबाहेरचा हा भराव मला आतल्या विस्तारापेक्षा अधिक काळजीचा वाटतो, कारण तो तुकड्यातुकड्याने होतो आणि त्याचे एकत्रित मूल्यांकन कोणी करत नाही.

हे केवळ आमच्यापुरते नाही. पुण्याचे लोहगाव विमानतळ हवाई दलाचे, म्हणून पुरंदर तालुक्यातल्या सात गावांत नवे विमानतळ घाटते आहे; जिथल्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिथल्या बागा त्यात आहेत. तिथे खाडी नाही, तिवरे नाहीत, पण कमी पावसाच्या मुलखात पिढ्यांनी जमवलेले पाणी आणि माती आहे. ‘पुढे किती फायदा होईल’ हे त्या शेतकऱ्यांना सांगायला जाणाऱ्यांच्या हातात उलवे-पारगावच्या पूर्ततेचे कागद असतील, तर बोलणे निदान एका पातळीवर होईल. नसतील तर त्यांनी विश्वास का ठेवावा, याचे उत्तर माझ्याकडे नाही.

जूनचा अहवाल पावसाच्या तोंडावर येतो, डिसेंबरचा पाऊस सरल्यावर. त्यामुळे नव्या पात्राने पाणी कसे पेलले ते डिसेंबरच्या अहवालात दिसायला हवे. सवयीचा गुलाम असल्याने मी दर पावसाळ्यात उधाणाच्या दिवशी गाढीच्या पुलावर उभा राहून पाण्याची उंची वहीत टिपून ठेवतो. यंदाही टिपणार आहे. सरकारी आकडे माझ्या वहीशी जुळले, तर तसे लिहून पाठवायला मला आनंदच होईल.

आपला,
एक निवृत्त अभियंता, पनवेल